वरच्या खोलीतली ऊब

आमच्या त्या घरात गरम अशी एकच खोली होती, आणि अण्णांना नेमकं त्या खोलीत झोपता येत नव्हतं. त्या हिवाळ्याबद्दल सांगायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी. लीड्सच्या वरच्या अंगाला, टेकडीवर, जिथं बस शेवटचा वळसा घेऊन परत फिरते, तिथल्या एका लहानशा गावात आम्ही राहत होतो. दगडी घरांची एक ओळ, आणि तिच्या अगदी टोकाचं घर आमचं. म्हणजे तीन बाजूंनी वारा. गावात गॅसची लाइन आलेली नव्हती. खोल्याखोल्यांत विजेचे जाडजूड हीटर होते, ते रात्रभर तापायचे आणि दुपारी आपल्याला गरज लागेपर्यंत गार पडायचे. खरी ऊब होती ती पुढच्या खोलीतल्या लाकडाच्या स्टोव्हची. काळा, बुटका, चार पायांवर उभा, समोर काचेचं दार. तो पेटला की त्या खोलीत स्वेटर काढून बसावं लागे, आणि दार उघडून पॅसेजमध्ये पाऊल टाकलं की तोंडातून वाफ निघे.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. आजी गेल्यावर बाबांनी त्यांना साताऱ्याहून आमच्याकडे आणलं. उभा जन्म त्यांनी एस.टी.च्या स्टँडवर गाड्यांची घोषणा करण्यात काढला होता, त्यामुळे त्यांचा आवाज घराच्या मानाने फार मोठा होता. "मनू, जेवणाची गाडी लागलेली आहे, प्रवाशांनी कृपया फलाटावर यावे," असं ते जिन्याखालून ओरडले की शेजारच्या जोनबाईसुद्धा हसायच्या, आणि त्यांना तर त्यातलं एक अक्षर कळायचं नाही. गुडघे दुखायचे, रात्रीतून अनेकदा उठावं लागायचं, आणि बाथरूम वरच्या मजल्यावर, मागच्या खोलीला लागून. म्हणून मागची खोली त्यांची. घरातली सगळ्यात गार खोली. ते कानटोपी, दोन स्वेटर आणि मफलर घालून झोपायचे, आणि सकाळी खाली आले की आधी स्टोव्हपाशी जाऊन उभे राहायचे, हात पुढे करून, देवासमोर उभं राहावं तसे. दुपारी त्याच स्टोव्हवर पत्र्याच्या झाकणात शेंगदाणे भाजायचे. रविवारी निखाऱ्यांत वांगं घालायचे आणि संध्याकाळी भरीत व्हायचं. त्या भरताच्या वासाची आठवण आजही आली की तोंडाला पाणी सुटतं.

बाबा पंप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. आपल्या बापाला घरात थंडी वाजते हे त्यांना सहन होत नव्हतं. बोलून दाखवायचे नाहीत, पण रात्री जेवताना त्यांची नजर छताकडे जायची. "हवा म्हणजे पातळ पाणीच," ते म्हणायचे. "दाब दिला की जायलाच पाहिजे." आधी त्यांनी सगळी दारं उघडी टाकून पाहिली. ऊब जिन्याने वर गेली आणि जिन्याच्या माथ्यावर छताला चिकटून बसली, अण्णांच्या खोलीत वळलीच नाही. मग दारात टेबलफॅन ठेवून गरम हवा बाहेर ढकलली. काही फरक नाही. मग एके दिवशी बाबांनी देवघरातली उदबत्ती पेटवली आणि ती हातात धरून घरभर फिरले, धूर कुठं झुकतो ते बघत. आईला वाटलं, वास्तुशांत चालली आहे. त्यांच्या लक्षात आलं की दाराच्या वरच्या भागातून गरम हवा आपण होऊन बाहेर येते आणि खालून थंड हवा आत शिरते. म्हणून त्यांनी पंखा उलटा केला. पॅसेजच्या जमिनीवर ठेवून तोंड स्टोव्हच्या खोलीकडे. थंड हवा खालून आत ढकलायची, गरम हवा वरून आपली वाट काढते. आणि ते जमलं! जिन्यात ऊब आली, वरची दारं उघडी ठेवली की खोल्याही कोमट व्हायच्या.

तिथंच थांबलो असतो तर हे प्रकरण लिहायची वेळ आली नसती. पण त्या पंख्याच्या वायरला अडखळून अण्णा एकदा पडले. फार लागलं नाही, पण बाबांनी पंखा उचलला तो कायमचा. शिवाय कोमटपणावर त्यांचं समाधान नव्हतं. पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार घरात करवत चालली. स्टोव्हच्या वर छताला एक गोल भोक पडलं, त्यातून चांदीसारखा चमकणारा, आतून पोकळ असा मऊ नळ छताच्या तुळयांमधून मागे गेला, आणि अण्णांच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी एका जाळीतून वर निघाला. नळाच्या मधोमध पंखा. पुढच्या खोलीच्या दाराशी बटन. ते दाबलं की छतातून घुंऽऽ असा आवाज सुरू व्हायचा, आणि वर गरम हवेचा झोत. पहिल्या दिवशी सकाळी अण्णा कानटोपीशिवाय खाली आले. "अरे, उन्हात वाकळ टाकून झोपल्यासारखं वाटलं," म्हणाले. बाबा लाकडं आणायला मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पंखा लागल्यापासून एक नवीनच त्रास सुरू झाला. पुढच्या खोलीच्या भिंतीत खाली एक हवेची जाळी होती, जुन्या घरांत असते तशी. तिच्यातून आता शिट्टी वाजवत गार वारा आत यायला लागला. सोफ्यावर बसलं की घोटे गारठायचे. बाबांनी जुन्या गोधडीचा तुकडा घेतला, त्या जाळीत ठासून भरला आणि वरून चिकटपट्टी लावली. खिडक्यांच्या फटी बुजवल्या. दाराखाली आईने टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवल्या, अण्णांच्याही दाराखाली एक. शिट्टी थांबली. ते घर श्वास घ्यायला धडपडत होतं आणि आम्ही त्याच्या तोंडात बोळा कोंबला, हे आज कळतं. तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कसं उबदार झालं.

त्यानंतर स्टोव्हचं काहीतरी बिनसलं. काच काळी पडायची. ज्वाळा पूर्वीसारख्या नाचायच्या नाहीत, पिवळ्या, आळसावलेल्या, एका बाजूला झुकून लोळायच्या. दार उघडलं की धुराचा एक भपकारा खोलीत यायचा. "लाकूड ओलं आहे," बाबा म्हणायचे. लाकूड जास्त वेळ टिकावं म्हणून ते स्टोव्हच्या आत हवा सोडणारी खिट्टी जवळजवळ बंद करून ठेवायचे. मग ज्वाळा नाही, धूर नाही, नुसते लाल निखारे धुमसत राहायचे. बघायला फार सुंदर. मी तिथंच सोफ्यावर अभ्यास करायची. एकच पान पुन्हा पुन्हा वाचायची. डोकं ठणकायचं. "आई, माझा डोकं दुखतो," मी म्हणायची, माझं मराठी तेव्हा असंच होतं, आणि आई म्हणायची, "माझंही दुखतंय गं. फ्लू फिरतोय सगळीकडे." आम्ही चिडचिडे झालो होतो. आई मीठ घालायला विसरायची, मग दोनदा घालायची. मेतकूट-भातसुद्धा अर्धा टाकून उठायचो. एकट्या बाबांना काही होत नव्हतं. ते दिवसभर कारखान्यात असायचे आणि संध्याकाळी बाहेर लाकडं फोडायचे.

अण्णांचे गाल मात्र गुलाबी झाले होते. "ऊब मानवली बघ त्यांना," बाबा आईला म्हणाले. पण गुलाबी गालांचे अण्णा हळूहळू कुठंतरी दूर चालले होते. शेंगदाणे झाकणात जळून कोळसा व्हायचे आणि ते समोर बसून बघत राहायचे. एकदा मला त्यांनी शाळेचं नाव विचारलं, मी सांगितलं, आणि चहा संपायच्या आत तेच पुन्हा विचारलं. एका सकाळी वरून त्यांचा आवाज आला, "कराडमार्गे कोल्हापूरला जाणारी गाडी..." मी हसत जिन्यात धावले. ते पलंगावर बसून, डोळे भिंतीवर लावून, खरोखरच घोषणा करत होते. मी समोर उभी राहिले तरी थांबले नाहीत. माझं हसू तिथंच विझलं. आईला ते आजीच्या नावाने हाक मारू लागले, "इंदू, माझा चष्मा कुठाय?" आणि आई मुकाट्याने चष्मा द्यायची. "त्या खोलीत जड वाटतं रे," असं ते बाबांना अधूनमधून म्हणायचे. बाबांनी पलंगाची दिशा बदलून दिली. वय झालं, परका देश, बायको गेलेली. आमच्याकडे कारणांची काही कमी नव्हती.

नाताळात आम्ही मिल्टन कीन्सला बाबांच्या मित्राकडे, देशमुखकाकांकडे गेलो. नवं कोरं घर, प्रत्येक खोलीत रेडिएटर. तिथं दुसऱ्याच दिवशी अण्णांनी सगळ्यांना रमीत हरवलं. तीन पोळ्या खाल्ल्या. देशमुखकाकूंना वांग्यात किती तेल घालायचं यावर सुनावलं. काका गमतीने म्हणाले, "काय हो, तुम्ही तर म्हणत होता अण्णा थकलेत!" बाबा खूश झाले, म्हणाले, माणसांत आले की खुलतात. परत आल्यावर दोन दिवसांत अण्णा पुन्हा भिंतीशी बोलू लागले.  आई तेव्हापासून स्वयंपाकघरात उभी राहून अण्णांकडे बघत राहायची, हातातली पोळी तव्यावर करपेपर्यंत.

मग बर्फ पडला. बाबा कामानिमित्त न्यूकॅसलला गेले होते ते तिथंच अडकले. आई लीड्सच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करायची; ती सकाळच्या पहिल्या बसने कशीबशी गेली. माझी शाळा बंद. अण्णा उठले नव्हते. मी चहा घेऊन वर गेले तेव्हा "डोकं जड आहे, पडू दे," असं पुटपुटून त्यांनी कूस बदलली. मी दार लावलं, त्यांना गार वाटू नये म्हणून टॉवेल पायाने नीट सरकवला आणि खाली येऊन स्टोव्हपाशी पुस्तक घेऊन आडवी झाले. छतातून घुंऽऽ चाललंच होतं. खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ येत होते. बाहेर सगळं पांढरं आणि मुकं.

आईने नंतर सांगितलं ते असं. रोज बस टेकडी उतरून शहरात शिरली की तिचं डोकं हलकं व्हायला लागायचं. ती समजायची, बाहेर पडलं की बरं वाटतं. त्या दिवशी बस बर्फातून रांगत चालली होती, विचार करायला भरपूर वेळ मिळाला, आणि देशमुखकाकूंच्या टेबलावर रमीची पानं पिसणारे अण्णा तिच्या डोळ्यांसमोर आले. घर बदललं की माणूस बदलतो? लॅबमध्ये पोचल्या पोचल्या, कोट न काढता, तिने बाही वर केली आणि मैत्रिणीला म्हणाली, "माझं रक्त काढ." रक्तातला कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे अर्धवट जळणाऱ्या लाकडातून निघणारा बिनवासाचा विषारी वायू, मोजणारं मशीन तिच्या टेबलापासून हाकेवर होतं. जन्मात सिगरेटला हात न लावलेल्या बाईच्या रक्तात असूच शकत नाही असा आकडा आला. तिने पुन्हा एकदा मशीन चालवलं नाही. फोनकडे धावली.

फोनची घंटा मला ऐकू येत होती, पण ती दुसऱ्या कुणाच्या तरी घरात वाजत असावी तशी. उठावं असं वाटत होतं, पाय माझे नव्हते. घंटा थांबली, पुन्हा सुरू झाली. मी सोफ्यावरून खाली घसरले आणि भिंतीला धरून पॅसेजमध्ये आले. तिथल्या गारठ्याने जरा भान आलं.

"मनू! किती वेळ वाजवतेय! स्टोव्ह चालू आहे?"

"हो."

"वरचा पंखा?"

"हो. आई, मला झोप आला आहे."

"अण्णा कुठे आहेत?"

"वर. उठले नाही अजून."

 मग आई अतिशय सावकाश, मी लहान असताना बोलायची तशी बोलली. "ऐक. पंख्याचं बटन बंद कर. पुढचं दार सताड उघड आणि बाहेर जा. जोनकडे जा. कोट घालत बसू नकोस."

"आणि अण्णा?"

"वर जायचं नाही."

"पण आई, ते—"

"मनू, वर जायचं नाही! त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस तू. जोनला सांग, नाइन नाइन नाइनला फोन करा, घरात विषारी गॅस भरलाय म्हणून. जा. मी फोन ठेवतेय. जा!"

तो आवाज मी आईच्या तोंडून आधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मी बटन दाबलं. घुंऽऽ थांबलं आणि त्या शांततेची मला भीती वाटली. दार उघडलं, मोज्यांवरच बर्फात उतरले आणि जोनबाईंच्या फाटकापाशी पोचेपर्यंत दोनदा ओकले. जोनबाई सत्तरीच्या, एकट्या राहायच्या. त्यांनी मला आत ओढलं, फोन केला, आणि पलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. बर्फामुळे गाडीला वेळ लागणार होता. "तू इथंच बस, लव्ह," म्हणाल्या आणि घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून मागच्या दाराने बाहेर पडल्या. मी खिडकीतून बघत होते. आमची घरं उतारावर. मागचं अंगण चढत जातं, त्यामुळे वरच्या मजल्याची खिडकी तिकडून फार उंच नाही. जोनबाईंनी कपड्यांच्या दोरीला टेकू द्यायचा लांब लाकडी दांडा उचलला, कुंपणावरून आमच्या अंगणात फेकला, स्वतः कुंपण ओलांडलं, आणि गुडघाभर बर्फात उभं राहून अण्णांच्या खिडकीवर तो दांडा हाणला. पहिल्यांदा घसरला. दुसऱ्यांदा काच फुटली. मग त्या थांबल्याच नाहीत, सगळी तावदानं फोडली आणि दम लागून तिथंच बसल्या. आतून काहीच हालचाल नाही. पडदा तेवढा वाऱ्याने बाहेर आला.

अग्निशामक दलाची माणसं तोंडाला नळ्या लावून आत गेली आणि अण्णांना खुर्चीत बांधून खाली आणलं. मान एका बाजूला, गाल तसेच गुलाबी. त्यातल्या एकाने जोनबाईंना सांगितलं की ती खिडकी फुटली नसती तर त्यांना घाई करायचं कारण उरलं नसतं.

ऑक्सिजन लावल्यावर अण्णांनी दुसऱ्या दिवशी डोळे उघडले. बाबा रस्ते मोकळे झाल्यावर थेट हॉस्पिटलात आले. मीही तिथंच होते. आईने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता, नळ आणि जाळी आणि गोधडीचा तुकडा. पंखा खोलीतली हवा ओढत होता आणि जाळी बुजलेली, म्हणून धुराड्यातून वर जायचा वायू उलटा खोलीत आला आणि नळातून अण्णांच्या खोलीत गेला; त्यांचे गाल गुलाबी झाले तेही त्यानेच. बाबा पलंगाचा दांडा धरून उभे होते. मग त्यांनी विचारलं ते भलतंच.

"तू मनूला सांगितलंस, वर जाऊ नको म्हणून?"

"हो."

"ते वर आहेत हे माहीत असताना."

"हो."

 अण्णा झोपलेत असं आम्ही समजत होतो. त्यांनी तोंडावरचा मास्क बाजूला केला. आवाज घोगरा होता, पण स्टँडवरचाच. "पोरगी वर आली असती आणि माझ्या शेजारी पडली असती, तर मला शुद्धीवर आणून काय केलं असतंस रे तू? गप बस." मग आईकडे बघून म्हणाले, "सुनंदा, पाणी दे." कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली होती. आईने पाण्याचा जग उचलला, ग्लास मी धरला.

आता मी कार्डिफला राहते. माझ्या घरात प्रत्येक खोलीत अलार्म आहे, आणि मी ते दर रविवारी वाजवून बघते म्हणून मुलगा हसतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका तरुण मुलाने विचारलं होतं, नवा लाकडाचा स्टोव्ह बसवलाय, बिल परवडत नाही, ऊब वरच्या बेडरूममध्ये कशी न्यायची? त्याचे आईवडील पुण्याहून यायचे होते. भराभर सल्ले आले: पंखा, नळ, छताला भोक. मी काही न लिहिता सरळ त्याला फोन लावला. बिचारा गांगरला. स्टोव्हच्या खोलीतून हवा ओढून घेऊ नकोस, त्याऐवजी तिथं हवा जाऊ दे, भिंतीतली जाळी बुजवू नकोस, आणि आधी अलार्म आण, एवढं एका दमात सांगितलं.

तर त्या हिवाळ्यात अण्णा हॉस्पिटलातून घरी आले. बाबांनी नळ उपटला, छताचं भोक बुजवलं, जाळी मोकळी केली. स्टोव्ह पुन्हा पेटवायला कुणी धजावलं नाही. अण्णा पुढच्या खोलीतच झोपू लागले, विजेच्या हीटरशेजारी, दोन स्वेटर घालून; रात्री उठले की बाबा त्यांना हात धरून वर न्यायचे. आणि ते अगदी पूर्वीसारखे होते. जोनबाईंना त्यांनी स्वतःच्या हाताने थालीपीठ लावून दिलं. बाबांशी राजकारणावर भांडले. बाबा हळूहळू जेवू लागले, एकदा तर हसलेसुद्धा. आई मात्र सकाळी अण्णा कपाची कडी कशी धरतात, बटन कसं लावतात, ते बघत बसायची. मी विचारलं तर म्हणायची, काही नाही. डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असा वायू लागलेला माणूस कधीकधी पूर्ण बरा होतो, काही आठवडे छान जातात, आणि मग मेंदूचं झालेलं नुकसान वर येतं. येईलच असं नाही. हे तिने बाबांना सांगितलं नव्हतं. एकटीने वाट बघत होती.

बर्फ वितळला होता, अंगणात डॅफोडिल्सचे कोंब वर आले होते. सकाळी आम्ही चौघं टेबलाशी होतो. आईने अण्णांसमोर उपम्याची बशी ठेवली. अण्णांनी चमचा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि पुन्हा खाली ठेवला. पुन्हा उचलला. आईने डोळे मिटून घेतले. बाबांना अजून काही कळलं नव्हतं. ते त्यांच्या कपात चहा ओतत होते. अण्णांनी त्यांच्याकडे मोठ्या आदराने पाहिलं, प्रवासात शेजारी बसलेल्या माणसाकडे बघावं तसं.

"आपण कुठले?" त्यांनी विचारलं.

बाबांच्या हातातली किटली तशीच वाकडी राहिली. चहा कप भरून बशीत आला, बशीतून टेबलावर. मग त्यांनी किटली खाली ठेवली, खुर्ची जवळ ओढली आणि बसले.

"साताऱ्याचा," बाबा म्हणाले.

"अरे वा! आम्हीही तिकडचेच." अण्णा खुलले. मग जरा पुढं झुकून, घरच्या लोकांना ऐकू जाऊ नये अशा बेताने हळू आवाजात म्हणाले, "इथं मुलाकडे आलोय. माणसं फार चांगली आहेत हो. घर तेवढं गार आहे."